विकता येऊ नये अशी जमीन कोणाच्या नावावर ठेवावी?

साक्री तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे आहे:

«आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या नावावर पांझरेकाठी साडेनऊ एकर जमीन आहे. त्यातली पावणेदोन एकर गावठाणाला लागून आहे आणि उरलेली पावणेआठ एकर नदीच्या अंगाला, विहिरीसह. आबांचे वय ८१ आहे. गावात चौदा भूमिहीन कुटुंबे आहेत. ती दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि परत येतात तेव्हा त्यांना हक्काची घरजागा नसते. त्यातली नऊ कुटुंबे भिल्ल आहेत. ही जमीन कोणा एकाची न होता या लोकांना राहायला आणि कसायला कायमची मिळावी, तिच्यावर प्लॉट पडू नयेत, अशी आबांची इच्छा आहे. माझे यजमान आणि दीर तयार आहेत. गावात नऊ जणांची समिती केली आहे, पण कोणी ट्रस्ट म्हणतो, कोणी सोसायटी, तर कोणी कंपनी. आधी आबा आणि त्यांच्यानंतर माझे यजमान तहहयात अध्यक्ष राहिले तर जमीन सुरक्षित राहील, असे आबांना वाटते. गावातला एक भिल्ल शेतकरी आपली दोन एकर जमीनही यात घालायला तयार आहे. सुरुवात कोठून करावी?»

ताई, सप्रेम नमस्कार.

जमीन विकली जाऊ नये असे तुम्ही लिहिले आहे, परंतु ती विकणार कोण, याचा विचार पत्रात कोठे दिसत नाही. महामार्गाच्या बाजूने प्लॉट पाडणारा माणूस बाहेरून येतो हे खरे, पण तो फक्त घेणारा असतो. सही करून देणारा नेहमी घरातला किंवा संस्थेतलाच असतो. म्हणून तुम्ही जे उभे करू पाहता, ज्याला परदेशात कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणतात, त्याचे मुख्य काम आपलेच हात बांधून घेण्याचे आहे आणि त्यात आबांचे, तुमच्या यजमानांचे व समितीतील नऊही जणांचे हात सर्वांत आधी येतात. आबांची तहहयात अध्यक्षपदाची सूचना मायेपोटी आली असली तरी ती नेमकी उलट दिशेने जाते. माझ्या पाहण्यातील एका संस्थेत संस्थापकाच्या निष्ठेविषयी कोणालाच शंका नव्हती. त्यांच्या पश्चात मुलगा अध्यक्ष झाला, उरलेले विश्वस्त एकामागून एक वारले, त्यांच्या जागा कोणी भरल्या नाहीत आणि शेवटी एका माणसाच्या सहीवर सगळा कारभार येऊन ठेपला. नोंदवहीत मात्र मयत विश्वस्तांची नावे तशीच होती.

तरीही विश्वस्त कोण, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न आहे: आबांना ही जमीन देता येते का? सातबाऱ्यावर एकट्याचे नाव आहे म्हणून जमीन एकट्याची ठरत नाही. ती वडिलोपार्जित असेल तर एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, आणि हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्मतः हिस्सेदार आहेत. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. तुम्ही यजमान आणि दीर यांची संमती कळवली आहे. आबांना मुली असतील तर त्यांच्याविषयी पत्रात एक शब्द नाही. नणंदेला न विचारता केलेले बक्षीसपत्र दहा वर्षांनी दिवाणी न्यायालयात उभे राहते, आणि तोवर त्या जागेवर चौदा घरे झालेली असतात.

तशीच दुसरी उणीव समितीची आहे. तुमच्या नऊ जणांत त्या चौदा कुटुंबांपैकी कोणी आहे काय? नसेल तर ज्यांना राहायचे आहे त्यांच्याविषयी बाकीचे लोक ठरवीत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. संस्थेची घटना, म्हणजे तिची लेखी नियमपत्रिका, लिहिण्यापूर्वीच हे सुधारा. ही कुटुंबे ऊसतोडीहून परत आल्याशिवाय कोणताही ठराव करू नका.

ही कल्पना परकी वाटून आबांना संकोच होत असेल तर त्यांना तिचे मूळ सांगा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलणारे आणि ज्यांचे बोलणे साने गुरुजी उतरवून घेत होते ते विनोबा, १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले भूदान स्वीकारते झाले. पुढे एकेका माणसाला तुकडे वाटण्यापेक्षा मालकी गावाकडे आणि कसण्याचा हक्क कुटुंबाकडे, असा ग्रामदानाचा विचार त्यातून निघाला. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी १९६९ साली ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था उभी राहिली, तिच्या उभारणीमागे या ग्रामदानाचीही प्रेरणा होती. कम्युनिटी लँड ट्रस्टचा पहिला नमुना म्हणून तिच्याकडेच बोट दाखवतात. सुमारे ५,७०० एकर जमीन तिच्याकडे होती. दुष्काळ पडला, सरकारी कर्ज वेळेवर मिळाले नाही, आधीच्या कर्जाचे हप्ते थकले आणि १९८५ साली ती सगळी जमीन गेली. तेथे कोणी बेइमानी केली नव्हती. जमीन गहाण होती, एवढेच. तुमच्या घटनेत ‘न्यासाची जमीन कोणत्याही कारणासाठी तारण ठेवता येणार नाही’ हे वाक्य असले पाहिजे, आणि विहिरीसाठी वा पाइपलाइनसाठी कर्ज लागलेच तर ते जमिनीवर नव्हे, पिकावर किंवा यंत्रावर घ्यावे.

आपल्याकडे महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ सालापासून आहे आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव त्याच मार्गाने गेले आहे. पण तो मार्ग बहुसंख्य भूधारक एकत्र आले तर खुला होतो. एका कुटुंबाच्या साडेनऊ एकरांसाठी तो नाही.

आता स्वरूपाकडे येऊ. भारतीय न्यास अधिनियम १८८२ खाली खासगी न्यास होतो, आणि घटनेत चौदा कुटुंबांची नावे लिहून फक्त त्यांच्याच हिताचा उद्देश ठेवला तर तुमची संस्था तशी ठरण्याचा धोका आहे. म्हणून लाभार्थी वर्गाने सांगा: परिसरातील भूमिहीन व बेघर कुटुंबे, निवड कोणत्या निकषांवर होईल ते नियमावलीत लिहा. अशी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली येते आणि न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणीचा अर्ज करावा लागतो. या कायद्याचे कलम ३६ तुमच्या कामाचे आहे. त्यानुसार सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, बदलणे किंवा बक्षीस देणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. बहुतेक विश्वस्तांना हे कलम पायातली बेडी वाटते; तुम्हाला नेमकी बेडीच हवी आहे. निव्वळ सहकारी गृहनिर्माण संस्था काढली तर अशी बाहेरची कडी राहत नाही, उद्या सभासदांनीच बहुमताने उपविधी बदलले की वाट मोकळी होते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या, म्हणजे नफा न वाटणाऱ्या कंपनीला दरवर्षीच्या विवरणपत्रांचा आणि शुल्काचा जो व्याप असतो, तो गावातल्या नऊ माणसांना झेपेल असे मला वाटत नाही.

मात्र या कुलपालाही दुसरी किल्ली आहे. न्यासाच्या हिताचे आहे असे पटले तर आयुक्त विक्रीला परवानगी देऊ शकतात. म्हणून विक्रीची मनाई घटनेतच लिहा. रस्त्यासाठी सरकारने जमीन संपादित केली तर येणारा मोबदला त्याच उद्देशाची दुसरी जमीन घेण्यासाठीच वापरावा असे लिहा, कारण तुमच्या तालुक्यातून महामार्ग जातो आणि ही शक्यता काल्पनिक नाही. आणि संस्था बंद पडली तर जमीन समान उद्देशाच्या सार्वजनिक न्यासाकडे जाईल, देणाऱ्या कुटुंबाकडे परत येणार नाही, हेही लिहा. हे शेवटचे वाक्य आबांना वाचून दाखवताना तुमचे यजमान समोर बसलेले असावेत.

कलम ३६ ची दुसरी बाजू अशी की बिनशेती जमिनीचा तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमिनीचा दहा वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टासुद्धा परवानगीशिवाय करता येत नाही. घर बांधणाऱ्याला तीन वर्षांचा पट्टा काय कामाचा? म्हणून पट्ट्याचा मसुदा पहिल्या दिवसापासून तयार ठेवा आणि नोंदणी होताच परवानगीचा अर्ज करा. माझी सूचना अशी आहे की जमीन न्यासाकडे राहावी, चौदा कुटुंबांची वेगळी सहकारी गृहनिर्माण संस्था असावी, आणि न्यासाने तिला एकच दीर्घ मुदतीचा पट्टा द्यावा. घरे सभासदांच्या मालकीची. जमीन संस्थेकडे आणि घरे सभासदांची, अशा प्रकारची संस्था सहकार कायद्याला अनोळखी नाही, जमीन पट्ट्याची असली तरी चालते. चौदा वेगळ्या परवानग्या, चौदा वेगळे दस्त यांचा त्रास त्यामुळे वाचतो, आणि एखाद्या घराचे भाडे थकले तर न्यासाला थेट त्या घराच्या दारात जावे लागत नाही. संस्थेचे शेजारीच आधी बोलतात. अमेरिकेत हे पट्टे ९९ वर्षांचे असतात. तो आकडा तसाच उचलू नका. आपल्या राज्यात २९ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याला मुद्रांक शुल्क बाजारमूल्याच्या ९० टक्के रकमेवर लागते आणि नूतनीकरणाचे कलम असेल तर मुदत मोजताना तेही विचारात येते. दुय्यम निबंधकांकडून हिशेब करून घेऊन मग मुदत ठरवा.

पट्ट्यात ज्या कलमावरून पुढे भांडणे होतील ते कलम आहे घर सोडणाऱ्याला काय मिळावे, याचे. समजा एका कुटुंबाने सहा लाख रुपये खर्चून घर बांधले आणि बारा वर्षांनी मुलाकडे नाशिकला जायचे ठरवले. त्या वेळी नुसत्या घराचे मूल्यांकन दहा लाख निघाले, आणि खालच्या जागेची किंमत बाजारात आणखी कितीतरी वाढलेली आहे. जागेच्या वाढीत त्या कुटुंबाचा काही वाटा नाही, कारण जागा त्यांची नव्हती. हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितले पाहिजे. घराच्या चार लाखांच्या वाढीचे काय करायचे? अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात १९८४ साली स्थापन झालेल्या न्यासाने वाढीच्या चौथ्या हिस्स्याचा पायंडा पाडला. तो धरला तर कुटुंबाला सहा लाख आणि वर एक लाख असे सात लाख मिळतील आणि पुढचे भूमिहीन कुटुंब दहा लाखांचे घर सात लाखांत घेईल. हा हिस्सा चौथा असावा, तिसरा असावा की निम्मा, हे मी येथून सांगणार नाही. ते चौदा कुटुंबांनी बसून ठरवायचे आहे. इतकेच पाहा की मूल्यांकन कोण करणार, ते कोणत्या दराने करणार आणि मान्य नसेल तर कोणाकडे जायचे, हे लिहिलेले असावे. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हा त्यासाठी बरा आधार आहे. घर वारसांकडे जावे, यात अडचण नको. पण कुलूप लावून वर्षानुवर्षे बंद ठेवणे किंवा तिसऱ्याला भाड्याने देणे याला मर्यादा हवी, आणि ती मर्यादा ठरवताना ही माणसे वर्षातील पाच-सहा महिने ऊसतोडीवर असतात हे विसरू नका, नाहीतर ज्यांच्यासाठी नियम केला तेच पहिल्या हंगामात नियमभंगी ठरतील.

घरकुलाच्या अनुदानासाठी जागेचा कोणता कागद चालतो, हे पट्टा लिहिण्याआधी पंचायत समितीत लेखी विचारून घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात. एका शब्दाच्या फरकाने चौदा घरांचे ते पैसे अडकू नयेत.

पावणेआठ एकर शेताविषयी मात्र माझा सल्ला थांबण्याचा आहे. पावणेदोन एकर गावठाणाला लागून आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन बिनशेती करण्यासाठी महसूल संहितेत सोपी वाट ठेवलेली आहे, तेव्हा आबांनी आपल्या नावावर असतानाच मोजणी करून, बिनशेतीची सनद घेऊन, मग ती न्यासाला द्यावी. शेतजमिनीचे तसे नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकणे, बक्षीस देणे किंवा पट्ट्याने देणे परवानगीशिवाय चालत नाही, आणि न्यास शेतकरी नसतो. परवानगी मिळाली तरी पुढे गाठ आहे ती कलम ३२-ओ शी: कृषक दिनानंतर, म्हणजे १ एप्रिल १९५७ नंतर, निर्माण झालेल्या कुळालाही वर्षभराच्या आत जमीन विकत घेण्याचा हक्क सांगता येतो. न्यासाने गरिबाला कसायला दिलेली जमीन त्याच गरिबाच्या वारसाने विकत मागावी आणि तेथून ती प्लॉटवाल्याकडे जावी, हा प्रवास कायद्याच्या चौकटीत होऊ शकतो. काही न्यासांना या तरतुदींतून सूट आहे, पण तुमचा न्यास तीत बसेल असे गृहीत धरू नका. घरांचे काम मार्गी लागेपर्यंत शेत आबांच्या नावावर राहू द्या, आणि कूळकायद्याची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला दाखवून मगच पुढचे पाऊल टाका. त्या काळात या चौदा कुटुंबांना मजुरीसोबत उत्पन्नातला हिस्सा देऊन एकत्र शेती करण्याचा अनुभव सर्वांनाच मिळेल. तुमच्याच पांझरेवर शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत काही वेगळी नव्हती: बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड, एका फडात एकच पीक, पाण्याची पाळी पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या हाती, आणि कोणाचीही जमीन एकाच फडात नाही, त्यामुळे शेवटच्या फडाला पाणी पोचते की नाही याची काळजी पहिल्या फडातल्यालाही असायची. तुमच्या गावातल्या कोणा म्हाताऱ्याला फडाचे दंड आणि पाळ्या आठवत असतील तर आताच लिहून काढा. वकिलाच्या मसुद्यापेक्षा त्यात जास्त मिळेल.

त्या भिल्ल शेतकऱ्याची दोन एकर घेऊ नका. त्याचे मन मोठे आहे. परंतु आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महसूल संहितेची कलमे ३६ आणि ३६-अ आहेत, १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा आहे, आणि त्यामागे शहादे-तळोद्याच्या भागात भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने दिलेला लढा आहे. कायद्याच्या नजरेत तुमचा न्यास बिगर आदिवासीच ठरेल. परवानगी मिळवता येईल का, हा प्रश्नच काढू नका. त्याच्या मुलांचे संरक्षण कमी करून आपला न्यास वाढवणे बरे नव्हे. त्याला विश्वस्त करा. त्याच वेळी आबांच्या जमिनीचेही जुने फेरफार काढा. १९५७ ते १९७४ या काळात ती एखाद्या आदिवासी खातेदाराकडून आलेली असेल, किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाचे नाव असेल, किंवा ती भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली असेल, तर आजची सगळी चर्चा बदलते.

विश्वस्त मंडळाविषयी सुरुवातीला लिहिलेच आहे. नऊ जण ठेवा, पण आताचे नऊ नव्हेत. तीन जण राहणाऱ्या कुटुंबांनी निवडलेले, तीन गावातले पण तेथे न राहणारे, आणि तीन बाहेरचे, म्हणजे हिशेबनीस, निवृत्त कृषी अधिकारी, तालुक्यातील महिला बचत गटांच्या संघातली एखादी जाणती बाई अशा प्रकारचे. या तीन गटांपैकी कोणत्याही एका गटाला एकट्याने घटना बदलता येऊ नये. मुदत तीन वर्षांची ठेवून दरवर्षी तिघे निवृत्त व्हावेत, सलग दोन मुदतींनंतर खंड पडावा आणि तुमच्या घरातील एकाहून अधिक व्यक्ती एका वेळी मंडळावर नसाव्यात. आबांना मानाने बोलवायचे असेल तर मताधिकार नसलेले संस्थापक म्हणून बोलवा. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज गेलाच पाहिजे. हे काम कोणाचे, त्या माणसाचे पद घटनेत लिहा.

पैशांचे गणितही आताच मांडा. घरामागे महिना पन्नास रुपये भुईभाडे धरले तर वर्षाला ८,४०० रुपये होतात. त्यात हिशेब तपासणी आणि कागदपत्रांचा खर्च कसाबसा निघेल, वकील निघणार नाही. जमिनीबरोबर थोडा निधीही आबांनी ठेवावा.

येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येतील. तोवर सातबारा, आठ-अ आणि १९५० पासूनचे सर्व फेरफार तलाठी कार्यालयातून आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून ठेवा, जमीन स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित याचे उत्तर त्यातच आहे. नणंदेला झोक्यावरून उतरवून लगेच हक्कसोडीवर सही मागू नका. तिला हे पत्र आणि तुमचे पत्र दोन्ही वाचायला द्या, आणि ती नाही म्हणाली तर तिचा हिस्सा वगळून उरलेल्या जमिनीचा नकाशा नव्याने आखा.

आपला,
सल्लागार